भिंतीतला दगड

खिदिरपूरच्या आमच्या गच्चीवरून पाणी दिसत नसे, पण जहाजं दिसत. म्हणजे त्यांच्या डोलकाठ्या आणि धुराडी. समोरच्या घरांच्या छपरांमागून ती इतकी हळू सरकत की आधी वाटे, छपरंच चालली आहेत. हिवाळ्यात सकाळी चुलींचा कोळशाचा धूर आणि धुकं एकत्र होई आणि मग तेही दिसेनासं होई. नुसता भोंगा ऐकू येई, लांबून, कोणीतरी झोपेत हाक मारावी तसा. मी लहानपणी त्या भोंग्याला मनातल्या मनात ओ देत असे. मोठ्याने कधी नाही. मोठ्याने काही म्हणायची मला सवयच नव्हती.

बाबा गोदीत एका जहाज कंपनीच्या शेडवर होते. शेड म्हणजे जहाजातून उतरलेला माल जकातीची तपासणी होईपर्यंत कुलुपात ठेवायची लांबलचक पत्र्याची वखार. तिची किल्ली बाबांकडे असे. घरी आले की कोटाच्या खिशातली तिची रिकामी जागाही ते वरून चाचपत, इतकी त्या किल्लीची त्यांना सवय झाली होती. किल्ली अर्थातच शेडवरच राहायची.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. कलकत्त्यात इंग्रजी देवळं होती, बंगाली देवळं होती, मराठी एकही नव्हतं. म्हणून सहा-सात मराठी ख्रिस्ती घरं रविवारी दुपारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमत. सतरंजी पसरायची, पेटी आणायची, दोन भजनं म्हणायची, कोणीतरी चार शब्द बोलायचं, मग चहा. तीच आमची मंडळी आणि तेच आमचं देऊळ.

शाळेत मी दिवसभर इंग्रजी बोले. गल्लीत बंगाली कानावर पडे. मराठी मला घरातल्या उपासनेपुरतं भेटे. रोज संध्याकाळी जेवणाआधी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय आम्ही तिघं आळीपाळीने वाचत असू, आणि माझं मराठी वाचन तिथेच झालं. त्यामुळे माझी भाषा थोडी विचित्र, शास्त्रातल्यासारखी होती. एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणाले, “पाहा, भाजी संपली आहे.” सगळे खळखळून हसले. सर्वांत जास्त हसले ते काका.

काका आमच्या नात्याचे नव्हते. बाबांच्याच कंपनीत, शेजारच्या शेडवर होते, आमच्याच मंडळीतले, आमच्याच भागातले. मला ते मेमसाहेब म्हणत. येताना कागदात बांधून तिखटमीठ लावलेले पेरू आणत आणि पुडी उंच धरून म्हणत, “मेमसाहेब, मराठीत मागितलं तरच मिळेल.” मी गप्प उभी राहत असे. मग आईकडे वळून म्हणत, “वहिनी, हिच्या तोंडाला जकातवाल्यांनी सील लावलंय. साहेब आल्याशिवाय उघडायचं नाही.” आणि पुडी माझ्या हातात ठेवत. मला ते आवडत असत. पुढचं सांगण्याआधी हे सांगायला हवं.

त्या वर्षी आम्ही जुन्या करारातल्या, देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंत आलो होतो. मी पंधरा वर्षांची होते. राजांच्या गोष्टी संपल्या आणि ही रागावलेली, रडवेली माणसं सुरू झाली. मला ती फार जवळची वाटू लागली आणि त्यांची पानं मी पुढे पुढेही चाळू लागले. एकाने देवाला हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभं पाहिलं होतं, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघतो तसं. दुसरा एक होता, त्याने देवाला सरळ विचारलं होतं, की दुष्ट माणूस भल्या माणसाला गिळतो तेव्हा तू गप्प का राहतोस. आणि विचारून तो आपल्या बुरुजावर जाऊन उत्तराची वाट पाहत उभा राहिला होता. माझ्या मनात तो बुरूज म्हणजे आमची गच्ची होती. संध्याकाळी कपडे काढायला वर गेले की वाटे, तो इथेच कुठेतरी पाण्याच्या टाकीजवळ उभा आहे, पाठमोरा, डोलकाठ्यांकडे पाहत. मी त्याला त्रास होऊ नये म्हणून कपडे हळू काढत असे.

दुर्गापूजेची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मला वर्गात ताप भरला. शाळेने कंपनीत फोन केला आणि बाबा मला न्यायला आले. कधी टॅक्सीत न बसणारे बाबा टॅक्सी घेऊन आले होते. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते. फोर्ट विल्यमच्या बाजूचं मैदान खिडकीतून वाहत होतं, हिरवं, मग पिवळं, मग पांढरं. मध्येच टॅक्सी थांबली. गोदीच्या फाटकाशी आलो होतो. बाबा उतरले. काका फाटकापाशी आले, कोटाच्या आतल्या खिशातून शेडची किल्ली काढली, निळ्या काठाच्या रुमालाने पुसली आणि बाबांच्या हातात दिली. मग वाकून त्यांनी खिडकीतून माझ्या कपाळाला हात लावला.

“मेमसाहेबांना ताप,” ते म्हणाले. “इंग्रजी ताप की मराठी?”

त्यांचा हात गार होता आणि मला तो तसाच राहावा असं वाटलं.

आठवड्याभरात बाबांच्या शेडमधल्या एका पेटीचं सील तुटलेलं सापडलं. आतली मनगटी घड्याळं गेली होती. चौकशी सुरू झाली तेव्हा ती त्याच दुपारी गेली असं ठरलं, कारण सकाळी जकातीच्या माणसाने सील पाहिलं होतं आणि संध्याकाळी शेडवर दुसरा पहारा आला होता. बाबांनी सांगितलं, त्या दुपारी तासभर किल्ली माझ्याकडे नव्हती, मी ती शेजारच्या शेडवर दिली होती. काकांनी सांगितलं, किल्ली माझ्याकडे आलीच नाही.

किल्ली हातोहात देताना दोघांनी वहीत सही करायची, असा तिथला नियम होता. बाबांनी घाईत ती केली नव्हती. मला ताप आला होता म्हणून.

चौकशी संपेपर्यंत बाबांना घरी बसवलं. त्या काळात घरात फार शांतता होती. बाबा सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून खिडकीपाशी बसत, जणू कोणी बोलावलं तर लगेच निघता यावं. शेजारच्या बंगाली बाई आईला जिन्यात विचारत, साहेबांना बरं नाही का? आई म्हणे, रजा आहे. मंडळीतली माणसं काही विचारत नसत, आणि ते जास्त वाईट होतं. रविवारी भजन म्हणताना ती पुस्तकाच्या वरून बाबांकडे पाहत आणि पुन्हा पुस्तकात पाहत. बाबांचं नाव माणसांच्या तोंडून हळूहळू कमी होऊ लागलं. आधी उपासना चालवायला त्यांना सांगत, मग शास्त्र वाचायला, मग नुसती सतरंजी आवरायला. ते सतरंजी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून आवरत.

एकदा, फक्त एकदाच, त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू पाहिलं होतंस ना, त्यांनी किल्ली दिली ते?”

मी मान हलवली.

“साहेबांसमोर सांगशील?”

मला त्या खोलीचं, टेबलाचं, माझ्याकडे वळलेल्या चेहऱ्यांचं चित्र दिसलं. काकाही तिथे असणार. मी उभी राहून फ्रॉकची झालर चुरगळत राहिले, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “राहू दे,” ते म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आईलाही काढू दिला नाही.

मग मी देवाकडून अपेक्षा करू लागले. संदेष्ट्यांनी मला शिकवलं होतं की तो न्याय करतो. नगरांचा करतो, राजांचा करतो, तागडीत खोटं माप ठेवणाऱ्यांचा करतो. बोलायचं काम त्याचं. मी रोज गच्चीवर जाई आणि वाट पाही. काय होईल ते मला माहीत नव्हतं. शास्त्रातल्या एका राजाच्या महालात झालं तसं काकांच्या घराच्या भिंतीवर एखादं बोट काहीतरी लिहील, किंवा ते भर उपासनेत उभे राहून रडतील. धुक्यात जहाजं येत आणि जात. काका रविवारी येत, पेरू आणत. आई ते पेरू कापत नसे.

संध्याकाळच्या वाचनात त्या बुरुजावरच्या संदेष्ट्याचा दुसरा अध्याय आला. वाचायची पाळी माझी होती. जो अन्यायाने घर उभारतो त्याच्या भिंतीतला दगडच ओरडून साक्ष देईल, आणि लाकडातून तुळई त्याला उत्तर देईल, अशा अर्थाचं वचन मी अडखळत वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, हे काकांसाठीच लिहिलेलं आहे. फक्त त्यांच्यापर्यंत ते पोचायला हवं.

आमच्यात एक रीत होती. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी वचनांची डबी फिरवायची. पेपरमिंटची एक गोल जुनी डबी होती. आई दर डिसेंबरात कागदाच्या पट्ट्यांवर एकेक वचन लिही, पट्टी गुंडाळी आणि तांबड्या दोऱ्याने बांधी. घरातली मुलगी डबी घेऊन सगळ्यांपुढे फिरे. प्रत्येकाने न बघता एक चिठ्ठी काढायची आणि मोठ्याने वाचायची. बदलून घ्यायची नाही. जे हाती आलं ते देवाने त्या वर्षासाठी दिलं. ती चिठ्ठी वर्षभर शास्त्रात ठेवायची आणि वर्ष सरताना डबीत परत टाकायची. आई डबीत फक्त गोड वचनं घाली, धीराची, आशीर्वादाची. म्हणून मुलंसुद्धा न घाबरता हात घालत.

त्या वर्षी पहिल्या रविवारची पाळी आमच्या घरची होती. आईला ती नको होती. “अहो, ते घरात येऊन बसणार, चहा पिणार, आणि मी त्यांच्या हातात वचन देऊ?” असं ती तांदूळ निवडत म्हणाली.

“पाळी आपली आहे,” बाबा म्हणाले. “आणि वचन तू देत नाहीस.”

आदल्या दिवशी आई बाजारात गेली असताना मी आईच्या कागदातली एक पट्टी घेतली. दगडाचं आणि भिंतीचं ते वचन तिच्यावर लिहिलं. माझं देवनागरी अक्षर इंग्रजी शाळेतल्या मुलीचं होतं. आधी सगळी अक्षरं काढायची आणि मग वरून पट्टीने रेघ ओढायची. दोरा बांधताना मला आईची गाठ जमली नाही. शाळेत शिवणाच्या तासाला शिकवलेली गाठ मी मारली. तेवढ्याने काय होतं, असं मला वाटलं. खरं तर मला फार हलकं वाटत होतं. एक अवघड काम मी देवाकडे नीट पोचवलं होतं आणि मला एक शब्दही बोलावा लागणार नव्हता.

रविवारी तीन वाजता सगळे आले. “सलाम, सलाम,” म्हणत चपला काढून बसले. खिडकीतून हिवाळ्याचं मऊ ऊन सतरंजीवर आलं होतं आणि त्यात धुळीचे कण हळूहळू फिरत होते. भजनं झाली. मग आईने डबी माझ्या हातात दिली. मोजून भरलेल्या डबीतली आईची एक चिठ्ठी काढून माझी मी अगदी वर, कडेला ठेवली होती. रीतीप्रमाणे पाहुणे आधी. मी सरळ काकांपुढे गेले आणि डबी किंचित त्यांच्याकडे कलती केली.

“बघू, मेमसाहेबांनी काय आणलंय,” ते म्हणाले. त्यांनी बोटं आत घातली, डबी तळापासून ढवळली, आणि खालची एक चिठ्ठी काढली.

त्यांनी ती वाचली. तीही संदेष्ट्याचीच होती, मोठ्या संदेष्ट्याची. या, आपण बसून बोलू, तुमची पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, अशा अर्थाची. काकांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त वाचून झाल्यावर त्यांनी काही विनोद केला नाही, आणि चिठ्ठी गुंडाळायला त्यांना वेळ लागला.

मला देवाचा राग आला. इतका की पुढच्या माणसापुढे डबी धरायचं मी विसरले. आई म्हणाली, “अगं, पुढे चल.” मग मला भीती वाटू लागली. माझी चिठ्ठी अजून आत होती. ती कोणाच्याही हाती जाऊ शकत होती. प्रत्येक हात आत गेला की मी श्वास रोखून धरत असे. एका म्हाताऱ्या बाईंच्या बोटांनी ती दोनदा उचलली आणि दोनदा सोडली. डबी रिकामी होत गेली. शेवटी आईने घेतली आणि डबीत दोन चिठ्ठ्या राहिल्या. बाबांची आणि माझी पाळी उरली होती.

बाबांनी डबीत पाहिलं. पाहायचं नसतं, पण त्यांनी पाहिलं. एका चिठ्ठीवर आईची गाठ होती, दुसरीवर माझी. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी माझी गाठ असलेली चिठ्ठी उचलली.

ती त्यांनी उभं राहून, नीट, स्वर न बदलता वाचली. अन्यायाने घर बांधणाऱ्याबद्दल. ओरडणाऱ्या दगडाबद्दल.

आईचं तोंड उघडलं, कारण असलं वचन तिने कधीच लिहिलं नव्हतं, पण बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. मंडळीतल्या सगळ्यांना जे इतके दिवस वाटत होतं ते जणू देवानेच वाचून दाखवलं होतं. मला चेहऱ्यांवर तेच दिसलं. म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “देवाचं वचन आहे. गोड मानून घ्या.”

“आमेन,” बाबा म्हणाले, आणि चिठ्ठी त्यांनी आपल्या शास्त्रात ठेवली.

उरलेली चिठ्ठी माझी. भिऊ नको, अशा अर्थाचं वचन होतं. डबीतल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर तेच असतं, म्हणून तेव्हा मी त्यात विशेष काही मानलं नाही. वाचताना माझा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

सगळे लवकर उठले. काही जणांनी चहा अर्धा ठेवला. काका सर्वांत शेवटी निघाले आणि आपल्या बुटांचे बंद बांधायला खूप वेळ वाकून बसले.

ऊन उतरल्यावर मी गच्चीवर गेले. थोड्या वेळाने बाबा वर आले आणि टाकीपाशी, जिथे माझा संदेष्टा उभा असे, तिथे उभे राहिले. धुकं खालून वर येत होतं. डोलकाठ्यांची टोकंच तेवढी उरली होती.

“कोणासाठी होती ती?” त्यांनी विचारलं. रागाने नाही.

मी सांगितलं.

“मग तुम्ही का घेतलीत?” मी विचारलं. “तुम्हाला कळलं होतं.”

“दोनच उरल्या होत्या,” बाबा म्हणाले. “दुसरी तुझ्याकडे यायला हवी होती.”

मी रडू लागले. म्हणाले, आता सगळ्यांना वाटेल की तुम्हीच. ते म्हणाले, लोकांना काय वाटतं ते विचारून देव न्याय करत नाही, हे एक बरं आहे. भोंगा वाजला. मग ते म्हणाले की ज्या संदेष्ट्याने ते दगडाचं लिहिलं, त्याने ते शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकलं नव्हतं. तो आधी वर जाऊन उभा राहिला होता, आणि मला तू काय सांगशील, असं त्याने देवाला विचारलं होतं. ओळंबा आधी आपल्याच भिंतीला लावून बघायचा असतो. “मीही सही केली नव्हती,” ते म्हणाले. “ते माझं चुकलं. ते मला सांगावं लागलं. सोपं नव्हतं.”

“देव न्याय करेल ना?”

“करेल. मला त्याची काळजी नाही.” ते माझ्याकडे वळले. “निवाडा त्याचा आहे. साक्ष आपली. तू त्याचं काम हातात घेतलंस, आणि तुझं त्याच्यावर टाकलंस.”

धुक्यात मला भिंत दिसत होती, गच्चीच्या कठड्याची, साधी, विटांची, चुना उडालेली. तिच्यात दगड नव्हता. पण मला कळलं की तो दगड कोण होता. इतके दिवस मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत होते.

“मी सांगेन,” मी म्हणाले.

चौकशीची खोली मला वाटली होती तशी नव्हती. लहान होती, आणि टेबलावर एका पेल्यात निशिगंधाची दोन वाळलेली फुलं होती. साहेब बंगाली होते, वयस्कर, सर्दी झालेले. ते इंग्रजीत बोलत होते. काका भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले होते. साहेबांनी मला बसायला सांगितलं, पण मला उभं राहणं सोपं वाटलं. वर्गात उत्तर देताना उभंच राहतात.

मी टॅक्सीचं सांगितलं. फाटकाचं सांगितलं. साहेबांनी विचारलं, मुली, तुला ताप होता, तू नक्की पाहिलंस? मी कोटाचा आतला खिसा सांगितला, रुमाल सांगितला, त्याचा निळा काठ सांगितला. मग त्यांनी विचारलं, काही बोलणं झालं? काकांचं ते वाक्य मला इंग्रजीत करून सांगावं लागलं. हा ताप इंग्रजी आहे की मराठी. इंग्रजीत त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मी काकांकडे पाहिलं. ते आपल्या तळहाताकडे पाहत होते, जो माझ्या कपाळावर होता तो.

साहेबांनी त्यांना विचारलं, हे खरं आहे का. बाहेर हातगाडीची चाकं फरशीवर खडखडत गेली.

“मला आठवत नाही,” काका म्हणाले.

आधी त्यांनी किल्ली आलीच नाही म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी हेही लिहून घेतलं आणि नाक पुसलं.

परत येताना गोदीवरचा फिरता पूल बाजूला वळवलेला होता. मोठं जहाज जायचं असलं की तो पूल वळवत, आणि मग रस्ता तिथेच संपे. रिक्षा, हातगाड्या, ऑफिसचे बाबू, माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे पाण्याच्या कडेला थांबून राहत. आम्हीही थांबलो. जहाज धुक्यातून आलं, काळं, घरापेक्षा उंच, अजिबात आवाज न करता. ते हलतंय हे कळायलाही वेळ लागत होता. मी विचारलं, किती वेळ लागेल. बाबा म्हणाले, त्याला लागेल तेवढा. एरवी मला त्या पुलापाशी कंटाळा येई. त्या दिवशी आला नाही. माझ्याजवळ जे होतं ते मी देऊन आले होते, आणि माझे हात रिकामे होते, आणि ते रिकामेपण फार सुखाचं होतं.

निकाल लागायला होळी उलटली. बाबांवरचा आरोप काढून टाकला. सही न करता किल्ली दिल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी आम्हाला वाचून दाखवली, आणि हे बरोबर आहे असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते शेडवर गेले. संध्याकाळी आले तेव्हा सवयीने त्यांनी कोट चाचपला आणि आई तोंड फिरवून रडली. त्या रविवारी मंडळीने त्यांना शास्त्र वाचायला सांगितलं. सतरंजी मात्र त्यांनी नंतरही स्वतःच आवरली.

त्या दुपारी शेडमध्ये नेमकं काय झालं ते मला आजही माहीत नाही. काकांनी स्वतः काही घेतलं, की कोणासाठी दार उघडलं, की कोणाला घाबरून गप्प बसले. ते कंपनीने शोधलं का, तेही आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते उपासनेला येत राहिले. दाराजवळ बसत. पेरू आणणं बंद झालं. बाबा त्यांना सलाम करत, ते बाबांना सलाम करत. मला आधी वाटलं होतं की सुटका झाल्यावर बाबा त्यांच्याशी बोलणार नाहीत. तसं झालं नाही. फार बोलले, असंही नाही.

त्या वर्षाच्या अखेरीला, नाताळच्या आधी, काकांची बदली दुसऱ्या बंदरावर झाली. निघण्याच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. बाबा कामावर होते, आई बाजारात. दार मी उघडलं. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं. मला क्षणभर वाटलं, किल्ली आहे.

ती त्यांची चिठ्ठी होती. “वर्ष संपलं नाही अजून,” ते म्हणाले, “पण मी इथे नसेन. डबीत टाक.”

मी ती घेतली. ते काहीतरी बोलणार होते. मी थांबले. मी वाट पाहायला शिकले होते, आणि मला खरोखर ऐकायचं होतं. त्यांनी मला मेमसाहेब म्हटलं नाही.

“बाबांना सलाम सांग,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या वर्षाअखेर परत येत त्या बहुतेक जशाच्या तशा येत, नव्यासारख्या, पहिल्या गुंडाळीतल्या. कोणी त्या फार उघडत नसत. काकांच्या चिठ्ठीचा दोरा काळा पडला होता. गाठ सैल झाली होती. कागद घड्यांवर फाटला होता आणि तिथे मागून दुसरा कागद डकवलेला होता. बोटांनी तो इतका मऊ झाला होता की कापडासारखा लागत होता. लाखेसारखी लाल हे शब्द पुसट झाले होते. बर्फासारखी पांढरी हे जवळजवळ वाचता येत नव्हते.

मी ती पुन्हा गुंडाळली. आईची गाठ मला अजून येत नव्हती, म्हणून माझीच मारली. मी लिहिलेली ती दगडाची चिठ्ठी कधी डबीत परत गेली नाही. ती बाबांच्या शास्त्रात त्याच अध्यायापाशी आहे, आणि संध्याकाळच्या वाचनात तो अध्याय आला की बाबा ती काढून हातात धरतात आणि वाचून झाल्यावर परत ठेवतात.

डबी कपाटात ठेवून मी गच्चीवर गेले. ऊन फिकट झालं होतं. खाली, गल्लीच्या टोकाला, काका पुलाच्या दिशेने चालले होते, पाठमोरे, हातात एक लहान ट्रंक. तिथे लोक खोळंबले होते, म्हणजे पूल वळवलेला होता. जहाज यायचं होतं. ते कडेला जाऊन ट्रंक खाली ठेवून लोकांमध्ये उभे राहिले. छपरांमागून धुराडं हळूहळू सरकू लागलं, आणि ते पूर्ण पलीकडे जाईपर्यंत मीही टाकीपाशी तशीच उभी राहिले.